दुसऱ्याच्या घराची राखण

कोकणात भाड्याचं घर मे महिन्यात बघू नये. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडं असतं, प्रत्येक भिंत पांढरी असते आणि प्रत्येक घरमालक भला असतो. हे शहाणपण मला रेडीला आलं, आणि ते ज्या बाईमुळे आलं तिचं नाव भामाकाकी.

मी रेडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. तेरेखोलच्या खाडीपलीकडे त्यांचा मुलूख आणि हद्द बंद. गावात लोखंडाच्या खाणी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. खनिज पडावांत, म्हणजे लहान गलबतांत, भरून समुद्रात उभ्या असलेल्या बोटींवर न्यायचं काम चाले. त्यासाठी कारकून, मोजणीदार, ड्रायव्हर अशी बाहेरची माणसं आली, आणि ज्या गावात कधी कुणी भाड्याने राहिलं नव्हतं तिथे लोकांनी गोठे आणि भाताची कोठारं रिकामी केली, चुना मारला आणि त्यांना खोल्या म्हणू लागले.

सावंतवाडीहून वडील मला सोबत करायला आले होते. आम्ही ज्या घरापाशी थांबलो ते बाहेरून देखणं होतं. पुढे मंगलोरी कौलं, ऐसपैस ओटी, खळ्यात तुळस. आतून एक उंच, हाडकुळी बाई किल्ली घेऊन आली. कपाळ मोकळं, अंगावर धुवून धुवून रंग गेलेलं लुगडं, वय पन्नाशीच्या आसपास. खोली उघडून ती स्वतः उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"हात लावून बघा, बाई. पापडासारकी कोरडी आसा भिंत."

भिंत खरोखरच कोरडी होती. वडील अनुभवी. त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात काय परिस्थिती असते?"

"पावसात वल खंय येना नाय, बाबांनू? पण यंदा भावोजी घराच्या पाठसून चर मारतले, पाणी भायर काढतले. भिंत नवी घालतले. जातला."

'जातला' म्हणजे होईल. हा शब्द ती असा म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, काम निम्मं झालंच आहे. वडिलांनी भिंतीपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहिलं. एकट्या मुलीला परक्या गावात ठेवायचं, तर घरात वडीलधारी विधवा बाई आहे, हीच त्यांना मोठी सोय वाटली. खोली ठरली.

घर तिचं नव्हतं. तिच्या धाकट्या दिराचं होतं. त्यांचं नाव अनंतराव. ते मुंबईला एका पेढीवर होते. भामाकाकीचा नवरा लग्नानंतर लवकरच तापाने गेला. मूलबाळ नाही. दिराने तिला घराबाहेर काढलं नाही, याबद्दल सगळा गाव त्याला देवमाणूस म्हणे. तिनेही ते मनोमन मानलेलं होतं. माजघराचा एक कोपरा, तांदूळ आणि वर्षाची दोन लुगडी, एवढ्यावर ती घर झाडायची, देवापुढे दिवा लावायची, नारळ उतरवून घ्यायची, खोल्या भाड्याने द्यायची. इतकी वर्षं त्या घरात काढूनही 'आमचा घर' असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. नेहमी 'भावोजींचा घर'. खिळासुद्धा भावोजींचा.

मृग लागला की तिची एक सवय दिसायला लागे. सकाळी उठून ती घरभर फिरायची आणि प्रत्येक भिंतीला हात लावायची. तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. आजारी पोराचं कपाळ बघतात तशी. काही बोलायची नाही. पण कुठल्या भिंतीपाशी हात किती वेळ थांबला, त्यावरून मला कळायला लागलं होतं.

माझ्या खोलीची मागची बाजू आषाढात काळी पडली. आधी जमिनीलगत, मग वीतभर, मग कमरेपर्यंत. चपलांवर हिरवा बुरा, ट्रंकेवर पांढरा. काड्यापेटी पेटेना. मिठाचं पाणी झालं. धुतलेलं पातळ नेसून शाळेत गेले तरी टेबलाशी उभी राहिलेली मुलं नाक आक्रसायची. मी तक्रार घेऊन काकीकडे गेले की ती वाद घालायची नाही, नाकारायची नाही. "बघतंय हां, बाई," म्हणायची आणि थोड्या वेळाने मडक्यात करवंट्यांचे निखारे घेऊन दारात उभी. ते खोलीत ठेवायला सांगायची. अंथरुणाखाली पसरायला भाताचा कोंडा आणून द्यायची. चुना कालवून भिंतीचे काळे डाग स्वतःच्या हाताने झाकायची, आणि दोन दिवसांनी ते पुन्हा वर आले की पुन्हा झाकायची. तिचं आवडतं वाक्य होतं, "घर कुरकुरता, पण पडना नाय."

मला तिचा राग यायचा तो याचाच. कुणी दार आपटलं असतं, उर्मटपणे बोललं असतं, तर मला भांडता आलं असतं. पण जी बाई तुमच्यासाठी फुंकून फुंकून निखारे फुलवते तिच्याशी भांडायचं कसं? अनंतरावांचं काम यामुळे फार सोपं झालं होतं. ते मुंबईत, आणि आमचा सगळा राग काकीच्या मडक्यात जळून जात होता.

घराच्या अगदी पाठीमागे आणखी एक खोली होती. पूर्वीचा गोठाच तो. तिच्या मागच्या भिंतीपासून हातभरावर डोंगराची दरड सुरू व्हायची. भिंत चिऱ्याची होती, पण चिरे मातीत बसवलेले. दरडीतून झिरपलेल्या पाण्याला वाट नव्हती. ते भिंतीलाच टेकून राही. या खोलीत इनास, त्याची बायको कार्मेलीन आणि चार वर्षांची लिली राहत होती. इनास मूळचा आरोंद्याचा, खाणीवर मोजणीदार. कार्मेलीनचं माहेर खाडीपलीकडे, गोव्यात. तिथल्या चर्चची घंटा वारा तिकडचा असला की इथे ऐकू येई. पण जाता येत नव्हतं. लग्नानंतर तिने आईला पाहिलं नव्हतं.

कार्मेलीन ठेंगणी, चपळ, तोंडाने तिखट. काकीच्या 'जातला'ला न भुलणारी त्या घरात ती एकटीच.

"भावोजी दिवाळेक येतले, करतले," काकी म्हणाली की कार्मेलीन कमरेवर हात ठेवायची.

"काकी, माका तुजी दिवाळी नाका. माका वणत जाय, वणत."

वणत म्हणजे भिंत. हे ती इतक्यांदा म्हणायची की शेवटी मीही तिच्या खोलीत गेले की 'वणत कशी आहे?' असंच विचारायची. भिंत पाझरत असायची. खाटेचे पाय विटांवर ठेवलेले, कपडे दोरीवर, आणि कोपऱ्यात मेरीमातेच्या तसबिरीच्या काचेआड बुरशी चढलेली. लिलीला त्या खोलीतच धाप लागायला लागली. तिच्या छातीतून बारीक शिटीसारखा आवाज यायचा. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोरीला ओलीतून बाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठे? खाणीमुळे गावात एक खोली रिकामी नव्हती, आणि आजोळ हद्दीपलीकडे.

तेव्हा काकीने एक गोष्ट केली. सकाळी इनास कामावर गेला की ती मागे जायची, उंबऱ्याबाहेर उभी राहून लिलीला उचलून घ्यायची आणि पुढच्या ओटीवर आणायची. ओटी घरातली सगळ्यात कोरडी जागा. दिवसभर ती पोर काकीच्या मांडीवर, नाहीतर तिच्या शेजारी सुपाशी खेळत असायची. काकी तिला माडाच्या झावळीच्या हिरांच्या बाहुल्या करून द्यायची, छातीला कोमट तेल चोळायची. संध्याकाळपर्यंत शिटी थांबायची. मात्र लिलीचा पेला ओटीच्या बाहेर, कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. पोर मांडीवर चाले, तिचा पेला घरात चालत नसे. कार्मेलीनने तो पाहिला होता. ती मला म्हणाली, "बरी आसा गो तुमची काकी. पण बरेपणाकय तिका दिराची परवानगी जाय."

त्याचा प्रत्यय लवकरच आला. पाऊस थोडा ओसरला तेव्हा एका रविवारी इनासने खाणीवरून टिकाव आणि फावडं आणलं. भिंत आणि दरड यांच्या मध्ये चर खणून पाणी बाजूच्या वहाळात सोडायचं, असा त्याचा बेत. त्याने दोन-चार घाव घातले असतील. काकी धावत आली.

"काय करतंस, इनासा?"

"चर मारतंय. तुमका कायएक त्रास नाय. मीच खणतलंय, मीच माती टाकतलंय."

"नको. भावोजींक इचारल्याशिवाय घराच्या मुळाक हात लावूचो नाय."

"आणि ते येयसर पोर मरात तर?"

काकी सरळ त्या खणलेल्या जागेत उतरून उभी राहिली. घोट्यापर्यंत पाणी. "मारूचो तर माज्या पायार मार," म्हणाली.

इनासने टिकाव खाली टाकला. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तो फुकट काम करतोय, तुम्हाला अडचण काय? तेव्हा कळलं. त्या वर्षांत कूळकायद्याने जमीनवाले धास्तावलेले होते. अनंतरावांनी तिला बजावून ठेवलं होतं की भाडेकरू आज घराला कुदळ लावतो, उद्या हक्क लावतो. कुणी घराला हात लावला तर आधी तिलाच जाब विचारणार, असंही. स्वतः दुरुस्ती करायची नाही आणि दुसऱ्याला करू द्यायची नाही, अशी ती व्यवस्था होती, आणि तिच्या तोंडाशी पहाऱ्याला ही बाई उभी केलेली होती.

पुढच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आत, अनंतराव बोटीने वेंगुर्ल्याला उतरून घरी आले. गोरेपान, हसतमुख, शुभ्र धोतर. आंब्याच्या पाट्या उघडल्या, सत्यनारायण झाला, शाळेतल्या मुलांना त्यांनी पाट्या-पेन्सिली वाटल्या. मी त्यांना माझ्या खोलीच्या ओलीबद्दल सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "वहिनींना सांगत जा ना. घरचं सगळं त्याच बघतात." काकी बाजूलाच पानसुपारीचं तबक घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी विहिरीवर पाणी काढत होते. विहीर घराच्या मागच्या अंगाला. अनंतराव आणि काकी गोठ्याच्या भिंतीपाशी उभे होते. मी त्यांना दिसत नव्हते, पण बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"भावोजी, भितीन प्वाट काढल्यान, बघा. पाठसून दरड पाणी सोडता. ह्या पावसात ती रवची नाय. भितुर पोर आसा."

अनंतरावांनी हातातल्या काठीने भिंतीवर दोनदा टकटक केलं. काकीशी ते मुंबईची भाषा बोलत नसत.

"वैनी, तुमका हयसर कित्याक ठेवलंय? भाडेकरवांची रडगाणी माज्यापर्यंत पोचूची नाय म्हणान. ही भिंत आजून धा पावसाळे काढीत."

"पण भावोजी..."

"तुमका जमणा नसात तर तसा सांगा. दुसरी कोण तरी राखण बघूया."

त्या मे महिन्यात घराची दुरुस्ती झाली, नाही असं नाही. पुढच्या ओटीला रंगीत लाद्या बसल्या आणि फाटकाला हिरवा तेलरंग.

अनंतराव परत गेले आणि आठवडा संपायच्या आत काकी कार्मेलीनला सांगत होती, "भावोजींनी भिंत बघल्यानी. पावस सरलो काय नवी घालतले. जातला." मी ते ऐकलं. तिने कार्मेलीनला धीर दिला की फसवलं? मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं, तिला त्यातला फरकच कळेनासा झाला होता. मी कार्मेलीनला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हायत आसा माका. पण वचू खंय?" जायचं कुठे, हा प्रश्न होता.

श्रावणात पावसाने कहर केला. नारळी पौर्णिमेची सुट्टी होती. मी ओटीवर वह्या तपासत बसले होते. काकी लिलीला शेजारी बसवून नारळ खवत होती. मागच्या बाजूला खनिज पडावात ओततात तसा आवाज झाला. जड, लांबलेला. मग काहीच नाही, नुसता पाऊस.

काकीच्या हातातला नारळ ओटीवरून घरंगळत गेला. मी लिलीला धरलं आणि काकी धावली. मी पोरीला शेजारच्या बाईकडे देऊन मागे पोचले तेव्हा भिंत नव्हती. दरड खोलीत आली होती. लाल चिखल, चिरे, त्यात मोडलेली खाट. कार्मेलीन चुलीपाशी होती. चूल भिंतीलगत.

आजवर जिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता ती बाई गुडघ्यांवर बसून हातांनी चिरे उपसत होती. "कार्मेलीन, गो बाय माजे, बोल गो," एवढंच सतत म्हणत होती. माणसं जमली, फावडी आली, तिला बाजूला ओढलं तरी ती पुन्हा पुढे घुसे. तिच्या बोटांची नखं निघाली होती. कार्मेलीनला बाहेर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता. इनास खाणीवरून धावत आला. तो रडला नाही. त्याने बायकोच्या तोंडावरचा चिखल आपल्या सदऱ्याने पुसला आणि लिलीला शोधत विचारलं, "चेडू खंय?"

मातीला तिच्या माहेरचं कुणीच आलं नाही. खाडीपलीकडे निरोप पोचला की नाही, तेही कळलं नाही.

अनंतराव घाटमार्गे, गाडीने आले. पावसात बोटी बंद असतात. ते आले तेव्हा खळ्यात पोलीसपाटील, तालुक्याहून आलेला हवालदार आणि अर्धा गाव जमलेला होता. अनंतरावांचे डोळे खरेच लाल होते. ते शुद्ध मराठीत बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हवालदारसाहेब, मला कुणी एका शब्दाने कळवलं असतं, तर मी नोकरी सोडून धावत आलो असतो. माझ्या घरात माणूस गेलं. याचं दुःख मला नसेल तर कुणाला असेल? पण मला माहीतच नाही तर मी काय करणार?"

गाव हळहळला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मे महिन्यात त्याच भिंतीपाशी उभं राहून काकींनी तुम्हाला सांगितलं. भिंतीने पोट काढलंय, आत पोर आहे, असं म्हणाल्या त्या. मी विहिरीवर होते. मी ऐकलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनंतराव चकितही झाले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बाईंनी स्वतःच्या खोलीच्या ओलीचं सांगितलं होतं, ते मी नाकारत नाही. बाकीचं वहिनींनाच विचारा."

हवालदाराने काकीला पुढे बोलावलं. तिच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली. "काय हो, तुम्ही यांना सांगितलं होतं?"

तिने पदर सारखा केला.

"नाय. माजाच रवला. सांगूचा सांगूचा म्हणता रवला."

"आणि बाई म्हणतात ते?"

"बाई भलताच कायतरी आयकलेले आसतले. बावडेरसून काय आयकाक येता?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघत होते. आयुष्यात माणसाला खोटं पाडणारे पुष्कळ भेटतात, पण ज्याच्या बाजूने आपण बोललो त्यानेच खोटं पाडावं, याची चव वेगळीच असते. अतिवृष्टीने दरड कोसळली, वेळीच वर्दी न मिळाल्याने मालकाला इलाज करता आला नाही, असं लिहिलं गेलं. त्याखाली काकीचा अंगठा उठला, फडक्यातून बाहेर काढून.

दुसऱ्या दिवशी इनास निघाला. आरोंद्याला बहिणीकडे. लिली काकीला बघून धावली. काकीने हात पुढे केले. इनासने पोरीला मधेच उचललं.

"काकी, तुज्याकडे होती म्हणान ही वाचली. ता मी मरासर विसरूचंय नाय," तो म्हणाला. "पण हिका परत तुजा तोंड दाखवचंय नाय."

काकीने हात तसेच धरून ठेवले होते, बराच वेळ, तो फाटकाबाहेर गेला तरी.

त्या संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं. "का खोटं बोललात? सगळं गाव तुमच्या बाजूने उभं राहिलं असतं."

ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "गाव? गाव माका ह्या राती खंय निजयतला? तुमका सरकार बदली देता, बाई. उद्या दुसरी शाळा, दुसरी खोली. माका बदली खंय?"

माझा राग मात्र गेला नाही. आजही तिचं म्हणणं मला कळतं, आणि राग तसाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

दिवाळीच्या आत भिंत झाली. चिरेबंदी, सिमेंटात. मागे रुंद चर, त्याला उतार. काम इतकं थोडं होतं की गवंड्यांनी ते पंधरवड्यात उरकलं. अनंतरावांनी कार्मेलीनच्या थडग्यावरही चांगला कट्टा बांधून दिला. मातीत नव्हे, सिमेंटात. गावात त्याचं कौतुक झालं. काकीबद्दल मात्र विहिरीवर, देवळात एकच बोललं जाई, भामेन बायल मारल्यान, म्हणजे भामाने बाई मारली. तिच्याशी बोलणं लोकांनी कमी केलं. मग अनंतरावांनी खाणीवरच्या एका साहेबाला सबंध घर भाड्याने दिलं, आणि लोक तुमच्यावरून बोलतात, वैनी, थोडे दिवस बागेत रवा, असं म्हणून तिला माडाच्या बागेतल्या मांगरात पाठवलं. मांगर म्हणजे गवताने शाकारलेली राखणीची खोप. जे छप्पर टिकवण्यासाठी ती खोटं बोलली होती ते वर्षभरसुद्धा टिकलं नाही. मी त्याआधीच बदली मागून घेतली होती, हे मला मागाहून कळलं.

त्यानंतर तिला मी एकदाच पाहिलं. गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बांद्याच्या शाळेत होते. बाजाराचा दिवस, एस.टी. थांब्यावर ही गर्दी. बाकाच्या टोकाला एक म्हातारी बोचकं पोटाशी धरून बसलेली. मीच पुढे जाऊन ओळख दिली. काकी खूप वाळली होती, कमरेत वाकली होती. सारखा खोकला.

अनंतराव मुंबईला वारले होते. मुलांनी घर आणि बाग दोन्ही विकलं. तिला दोडामार्गाच्या बाजूला एक भाचा होता, लहानपणी पाहिलेला. त्याच्याकडे निघाली होती.

मी म्हणाले, "दोन दिवस माझ्याकडे राहा. मग जा."

तिने मान हलवली. "दुसऱ्याच्या घरात रवान बघलंय, बाई. आता आणि येक कित्याक?"

आम्ही चहा घेतला. तिने बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. बशी खाली ठेवली आणि एकदम माझं मनगट धरलं.

"मी सांगलेलंय तेंका. तुमी आयकलास ता खरा. येकदा नाय, दर मेयात सांगलेलंय. पोर आसा भितुर, म्हणान सांगलेलंय."

तिचा आवाज चढला होता. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"मला माहीत आहे, काकी," मी म्हणाले. "पण हे आता कुणाला सांगताय? इनास बोटीवर नोकरीला गेला. अनंतराव गेले. तुमचा अंगठा कागदावर तसाच आहे."

"आता सांगतंय," ती म्हणाली. "आता घर नाय. आता माका कोण भायर काढतलो?"

तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. मला तो बघायचा होता, हे खरं. तिथे होती ती नुसती सुटका, फार उशिरा झालेली, कुणाच्याच उपयोगाची नसलेली.

गाडी लागली. कंडक्टरने हात देऊन तिला वर घेतलं आणि खिडकीपाशी बसवलं. शेजारी कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई येऊन बसली. मी खिडकीखाली उभी होते. काकीने बाहेर पाहिलंच नाही. ती त्या बाईकडे वळली होती आणि हात हलवून हलवून तिला काहीतरी सांगत होती. ती बाई मान डोलावत होती आणि पदराने पोराचं नाक पुसत होती. गाडी सुटली, वळणाला लागली, तरी काकीचा हात हलत होता.